सगळ्या गल्लीचा एकच नंबर

चुनीलाल नानांच्या मोबाईलवर दिवसभर जे मेसेज येत, त्यांतले त्यांच्या कामाचे फार थोडे असत. बाकीचे गल्लीचे.

त्याचं असं झालं होतं. तापीकाठच्या त्या गावात बिनपैशाची खाती उघडून द्यायला बँकवाले मारुतीच्या पारावर टेबल मांडून बसले, तेव्हा मोबाईल बऱ्याच घरांत होते, पण नंबराचा भरवसा नव्हता. रिचार्ज संपलं की लोक सिम फेकून देत आणि बाजाराच्या दिवशी शहाद्याहून दुसरं आणत. एकट्या चुनीलाल नानांचा नंबर तेवढा पक्का. लेक हेमांगी पुण्याला शिकायला होती आणि तिचा फोन चुकला की रुक्मिणीबाईंना जेवण जात नसे, म्हणून. टेबलावरच्या माणसाने "मोबाईल नंबर?" असं विचारलं की बायका एकमेकींकडे बघत आणि कुणीतरी म्हणे, "नानासना टाकी द्या." अशी अर्धी गल्ली नानांच्या नंबरावर चढली ती चढलीच.

तेव्हापासून संध्याकाळी नाना ओसरीवर बसले की बायका एकेक करून येत.

"नाना, मन्हा उनात का?"

नाना चष्मा लावत, खात्याचे शेवटचे आकडे बघत आणि "उनात" किंवा "नही उनात" एवढंच बोलत. किती आले, हे मात्र ते तोंडाने कधी सांगत नसत. ओसरीवर आणखी चार जणी बसलेल्या असत, एकीचा आकडा दुसरीच्या कानावर जाऊ नये. त्यासाठी नानांनी एक युक्ती काढली होती. बैलबाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात, आजूबाजूच्या कुणालाही भाव कळत नाही. ही बोटांची भाषा नाना लग्नानंतर सासऱ्यांकडून शिकले होते. सासरे सारंगखेड्याच्या यात्रेतले नावाजलेले दलाल. तर नाना खांद्यावरचं उपरणं समोर पसरत, बाई त्याखाली हात घाली, नाना बोटं दाबत, आणि बाई समाधानाने किंवा तोंड वाकडं करून उठून जाई. गल्लीतल्या समस्त बायकांना ही भाषा एका आठवड्यात आली. नानांचं उपरणं मात्र त्या खटाटोपात दर वर्षी नवं लागे.

नानांच्या पोटात अशी पुष्कळ खाती होती. दगूबाईचं उदाहरण घ्या. तिच्या नवऱ्याने, भिलाने, ट्रॉली घेताना तिची सोन्याची पोत मोडली होती आणि "पुढला हंगामले करी देस" असं सांगून नंतर तो विषयच काढला नव्हता. दगूबाई मजुरीतून शहाद्याच्या एका सराफाकडे दर महिन्याला कार्डाने थोडं थोडं भरत होती. भिलाला कळलं असतं तर त्या पैशांचं ट्रॉलीला नवं टायर आलं असतं. पलीकडच्या घरात अनुसयाबाई आणि त्यांची सून आशा. आशा घरी सांगून जाई कम्प्युटरच्या क्लासला, आणि फी भरी ब्यूटी पार्लरच्या क्लासची. "सासूले कळू देऊ नका, नाना." अनुसयाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या दिवशी त्या येत आणि म्हणत, "नाना, मन्हा खातामा कितला शेत ते सूनले सांगू नका." दोघी एकाच दारातून येत, एकाच दारात परत जात. नाना दोघींनाही मान डोलावून देत.

रुक्मिणीबाई या सगळ्याकडे स्वयंपाकघराच्या दारातून बघत. चहा करून पाठवत. आणि रात्रीच्या जेवणाला ताट वाढताना हमखास म्हणत, "दगूबाई आज लई खुशीमा गयी."

"गयी व्हई."

"काय उनं तिले?"

"वरन वाढ."

इतक्या वर्षांच्या संसारात नानांनी बायकोला एक आकडाही सांगितला नव्हता. गावात त्यांना मान होता तो याच गोष्टीचा. शेतात केळी इतरांइतकीच पिके, ऊस इतरांइतकाच वाळे, पण चुनीलालच्या तोंडून गोष्ट बाहेर पडत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. रुक्मिणीबाईंच्या तोंडाबद्दल मात्र नानांचं मत वेगळं होतं.

दिवाळीला हेमांगी आली ती या घराला शिस्त लावायचं ठरवूनच. "पप्पा, तुमचा पैसा कुठे जातो तुम्हाला माहीत तरी आहे का?"

"खतले जास, डिझेलले जास."

"आणि बाकीचा?"

बाकीचा कुठे जातो हे नानांनाही जाणून घ्यायचं होतंच. हेमांगीने त्यांच्या मोबाईलवर एक ॲप टाकलं. बँकेचे मेसेज ते आपलं आपण वाचायचं, जमा किती, खर्च किती, कशावर किती, सगळं मांडून द्यायचं. महिनाअखेरीला एक रंगीत गोल चित्र यायचं. रुक्मिणीबाईंनी पाहताक्षणी त्याला 'भाकर' असं नाव दिलं. हिरवा तुकडा खताचा, निळा दवाखान्याचा, पिवळा किराण्याचा.

"आणि हे सुरक्षित आहे बरं का, पप्पा. बँकेसारखं कुलूप असतं. मधला कुणीही वाचू शकत नाही."

"उपरनासारखं," नाना म्हणाले.

"काय?"

"काही नही. टाक."

हेमांगीने तिघांचे मोबाईल 'कुटुंब' म्हणून एकत्र जोडले आणि ती पुण्याला गेली. नानांना पहिले काही दिवस ॲप फार आवडलं. केळीच्या व्यापाऱ्याचे पैसे आले की लगेच वर दिसत. शहाद्याच्या बसस्टँडवरच्या भज्यांवर आपण वर्षाला युरियाच्या एका पोत्याइतके पैसे घालवतो, हे त्यांना ॲपनेच सांगितलं. त्यांनी भजी सोडली नाहीत, पण रोख पैसे द्यायला लागले.

महिना संपला त्या दिवशी दुपारी नाना केळीच्या बागेतून परतले, तर रुक्मिणीबाई पाटावर बसलेल्या, मोबाईल हातात, चेहरा असा की जणू पाहुणे आले आणि घरात साखर नाही.

"आयका ना, हाई काय शे?"

नानांनी चष्मा लावला. ॲप लिहीत होतं: 'अभिनंदन, चुनीलाल! या महिन्यात तुमचं उत्पन्न दुप्पट झालं!' आणि खाली: 'या महिन्यात तुम्ही स्वतःचे लाड केलेत!' लाडांच्या गुलाबी तुकड्यात दोन नावं होती. एक शहाद्याचा सराफ. दुसरी ब्यूटी ॲकॅडमी.

"इतला पैसा येस घरमा," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आणि मी आजून शहाबादी फरशीवर भाकरी थापस! पाच वरीस व्हयनात, ग्रॅनाइटना ओटा मांगस मी. 'हंगाम जाऊ दे, हंगाम जाऊ दे.' आणि इकडे तुम्ही पार्लरमा जातस?"

नानांचा हात आपोआप गालावर गेला. चार दिवसांची दाढी होती. पार्लरला जाणारा माणूस असा दिसत नाही, हे रुक्मिणीबाईंनाही दिसलं असावं, कारण त्यांनी परत मोबाईलकडे पाहिलं. मग ओसरीकडे पाहिलं. मग हळूच त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू पसरलं.

"हाई आपलं नहीच शे," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "हाई गल्लीनं शे."

ॲपला बिचाऱ्याला काय कळणार? नानांच्या मोबाईलवर आलेला पैसा तो नानांचा. अनुसयाबाईंचे पैसे, दगूबाईची मजुरी, बायकांचे सरकारी हप्ते, सगळं त्याने नानांच्या नावावर जमा धरलं होतं आणि सगळ्या गल्लीचा खर्च नानांच्या नावावर मांडला होता. आणि ती भाकर कुलूपबंद होऊन थेट रुक्मिणीबाईंच्या हातात पडली होती.

"सराफ कोणना?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"माले काय म्हाईत."

"पार्लर कोणनं?"

"रुक्मिणी, तो मोबाईल आठे दे."

"तरनी बाई जोयजे पार्लरले. आपली गल्लीमा तरनी कोण कोण शे..." त्या बोटांवर मोजू लागल्या. "आशाना भुवया आजकाल कशा कोरेल शेतस, नही?"

नाना पाण्याचा तांब्या घेऊन बागेत परत गेले. बागेत काम नव्हतं.

त्यांना दिसत होतं ते पुढच्या मंगळवारचं. मंगळवारी अनुसयाबाईंच्या अंगणात उडदाचे पापड होते. सगळ्या गल्लीच्या बायका पाट-लाटणं घेऊन येणार. दगूबाई येणार, आशा येणार, रुक्मिणीबाई तर डांगर कुटायलाच पहाटे जाणार. पापड लाटताना हात चालतात त्याहून तोंड जास्त चालतं. दुपारपर्यंत दगूबाईची पोत भिलाच्या कानावर जाईल आणि संध्याकाळपर्यंत आशाचा क्लास बंद होईल. त्यानंतर ओसरीवर कुणी येणार नाही. का यावं?

बागेतूनच त्यांनी लेकीला फोन लावला.

"पप्पा, म्हणजे सगळ्यांचे मेसेज तुमच्याकडे येतात? ओटीपीसुद्धा?"

"ओटीपीबी."

"अहो, हे किती धोक्याचं आहे! लोकांचे ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर? कुणी तुमचा फोन चोरला तर?"

"फोन मन्हा खिसामा ऱ्हास. चोरानं काम तुन्हा ॲपनं करं."

"ॲपने काहीच बाहेर दिलेलं नाही पप्पा. ते फक्त आपल्या कुटुंबातच..."

"बाई," नाना म्हणाले, "तू कुलूप लई मोठं लावं. पन किल्ली तुन्ह्या मायले दिनी."

मग हेमांगी समजुतीच्या सुरात म्हणाली, की यावर उपाय एकच. प्रत्येकीने बँकेत जाऊन आपापला नंबर लावून घ्यावा. आता घरोघर मोबाईल आहेत. ॲप वाईट नाही, पद्धत चुकीची आहे.

मुलीचं म्हणणं नानांना पटलं. पटलं म्हणून वाईटही वाटलं. संध्याकाळी ओसरीवर त्यांनी दगूबाईकडे विषय काढला.

"दगू, तू तुन्हाच मोबाईलना नंबर लाई ले ना बँकमा."

दगूबाई अशी बघत राहिली, जसं काही नानांनी तिला गावातून जायला सांगितलं. "मन्हा मोबाईल? तो दिनभर यासना हातमा ऱ्हास. मेसेज उना की पहिले याच वाचतीन. मंग मन्ही पोत गयी टायरमा." तिने आवाज खाली आणला. "तुमनाकडे शे तेच बरं. काय व्हयनं नाना, तरास व्हस का आमना?"

"नही व, तरास कसाना," नाना म्हणाले आणि उपरणं पसरलं.

आशाचंही तेच. तिच्या मोबाईलचा लॉक सासूला ठाऊक होता. सासूच्या मोबाईलचा लॉक आशानेच लावून दिला होता. पुण्याच्या ॲपवाल्यांनी म्हणे कुलपावर कुलूप लावलेलं असतं. या गल्लीत चोर बाहेरून येत नाही, तो घरातच जेवायला बसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तर मग राहिला एकच रस्ता. सोमवारी नानांनी ॲप काढून टाकलं. रुक्मिणीबाईंच्या मोबाईलवरची भाकर त्याने गेली नाही. त्यांनी तिचा फोटो काढून ठेवला होता.

"रुक्मिणी," नाना जेवताना म्हणाले, "उद्या पापड शेतस ना."

"शेतस."

"तू काही बोलशी नको तठे."

"मी? मी कोणले काय सांगस?" रुक्मिणीबाईंनी वरण वाढलं, न मागता. मग शहाबादी फरशीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हाई फरशी बाकी लई खडबडीत व्हयनी."

नानांना समजायचं ते समजलं. "हंगाम..." एवढंच ते बोलले, आणि थांबले.

मंगळवारी सकाळी नानांना अनुसयाबाईंच्या अंगणात काहीही काम नव्हतं, तरी ते तिथे तीनदा गेले. पहिल्यांदा वाळवणाला प्लास्टिकचा कागद लागेल का विचारायला. दुसऱ्यांदा तो कागद द्यायला. तिसऱ्यांदा उन्हाकडे बघायला. अंगणभर पापड पसरले होते आणि बायकांच्या हसण्याचा गलका चालला होता.

"आशा," रुक्मिणीबाई लाटणं न थांबवता म्हणाल्या, "तुन्हा भुवया मोठ्या छान दिसतस व. कोठून कऱ्यात?"

आशाचं लाटणं थांबलं. अनुसयाबाईंनी मान वर केली. "कम्प्युटरना क्लासमा जास ती. तठे काय भुवया करतस?"

नाना कुंपणाशीच उभे होते. रुक्मिणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, अगदी निवांत.

"आयका ना, काळा की हिरवा?"

"काळा!" नाना ओरडले. "काळा! जो पाहिजे तो! आज सांगी देस त्याले!"

सगळ्या बायका नानांकडे बघू लागल्या. "काय काळा?" दगूबाईने विचारलं.

"घरनी गोट शे," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि पुढचा पापड उचलला. "आशा, देवानंच दिन्यात व त्या भुवया. तुन्ही मायनाबी अशाच व्हत्यात."

शुक्रवारी शहाद्याहून माणूस माप घ्यायला आला. पुढच्या आठवड्यात काळा चकचकीत ग्रॅनाइट स्वयंपाकघरात बसला. नानांनी त्यासाठी केळीच्या पैशातला मोठा भाग मोडला, आणि मोडताना त्यांना वाटलं, गल्लीची अब्रू राखायला एवढा खर्च काही फार नाही. दगूबाईची पोत वाचली, आशाचा क्लास वाचला. रुक्मिणीबाई खरोखरच कुठे काही बोलल्या नाहीत. नानांना बायकोविषयी थोडा आदर वाटू लागला.

एका संध्याकाळी दगूबाई आली ती पदराखाली काहीतरी झाकून. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. तिने पदर बाजूला केला. नवीकोरी पोत.

"पुरी व्हयनी, नाना. आज शेवटलं भरं. आते पुतन्याना लगीनमा घालस मी, मंग यासले कळू दे. घाली लिनी की काढता येवाव नही त्यासले."

नानांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तेवढ्यात आतून रुक्मिणीबाईंचा आवाज आला, नव्या ओट्यावर भाकर थापता थापता.

"दगू, मधला मणी बदली लिना ना त्याना कडून? मी सांगं व्हतं ना, तो फिका शे म्हनीसन?"

"लिना ना नानी," दगूबाई म्हणाली. "तुमनीच पसंत शे, तुमले नही दाखाडू त कोणले?"

नाना दगूबाईकडे बघत राहिले. "नानीनी पसंत? कवयनी?"

"मागला पोळाले. आम्ही दोन्ही गयतूत ना सराफकडे. ती मंगळसूत्र उजळाले उनी व्हती." दगूबाईला नानांच्या चेहऱ्याचं काही कळेना. "नानीले नही म्हाईत का काही? तिले त बठ्ठं म्हाईत ऱ्हास."

दगूबाई पोत झाकून निघून गेली. नाना उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुले म्हाईत व्हतं?"

"काय?"

"पोत. आणि आशानंबी?"

रुक्मिणीबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. "पहिल्याच महिनापासून."

"आणि कोणले सांगं नही?"

"तुम्हीन सांगं का माले?"

नाना काळ्या ग्रॅनाइटकडे बघू लागले. त्यात त्यांचंच तोंड दिसत होतं.

"मंग हाऊ ओटा कशाना?"

"तोंड बंद ठेवाना," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "उघडू का?"

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. नाना सवयीने ओसरीवर जाऊन बसले, चष्मा लावला. मेसेज अनुसयाबाईंच्या खात्याचा होता. कार्डाने पैसे भरले होते. ब्यूटी ॲकॅडमी. आशाच्या क्लासची शेवटची फी, सासूने.

नानांनी मेसेज दोनदा वाचला. ही मात्र खरी बातमी होती. आशाला माहीत नसणार, आशाने सासूला सांगितलेलं नाही, आणि सासूने सुनेला सांगितलेलं नसणार. ही एकच गोष्ट आता फक्त आपल्याकडे, असं त्यांना वाटलं आणि इतक्या दिवसांनी जरा बरंही वाटलं. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला.

रुक्मिणीबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि शेजारी टेकल्या. "काय उनं?"

"काही नही. लाइटबिल."

रुक्मिणीबाईंनी नानांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं, दोघांच्या मांडीवर पसरलं, आणि त्याखाली नानांचा हात धरून बोटं दाबली. आधी तीन, मग थांबून अख्खा पंजा.

फीची रक्कम बरोबर.

नाना तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"दलालनी पोर शे मी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आठे दारमा उभी ऱ्हाईसन इतला वरीस तुमनं उपरनं हालतांना देखस. आणि अनुसयाबाई फी भराले जातांना मालेच सांगी गयी. चहा पिवा, थंडा व्हई ऱ्हायना."